नवे इअरफोन वाजवून रुळवावे लागतात, की आपले कान रुळतात?

तानपुरा_मिरज यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या शनिवारी मी साधारण दोन हजार रुपयांचे, वायर असलेले आणि कानाच्या आत बसणारे इअरफोन विकत घेतले. त्यांत प्रत्येक बाजूला १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पातळ पडदा हलवून आवाज निर्माण करणारा भाग, आहे. माझे ऐकणे बहुतेक ख्यालगायनाचे असते, त्यामुळे मला कर्कश नसलेला, भरीव आवाज हवा होता. पहिल्याच दिवशी निराशा झाली. विलंबित ख्यालात जो तानपुरा गायकाच्या मागे खोलीभर पसरलेला ऐकू यायला हवा, तो बारीक आणि पत्र्यासारखा वाजत होता, बंदिशीतील प्रत्येक 'स' आणि 'श' कानाला टोचत होता, आणि डग्ग्याचा घुमारा तर जवळजवळ नव्हताच, फक्त बोटांचा आघात तेवढा ऐकू येत होता.

दुकानात फोन केला तेव्हा सांगण्यात आले की माल नवा आहे, त्यावर १०० तास पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला सलग खरखराट) लावून ठेवा, मग पडदा मोकळा होईल आणि आवाज खुलेल. माझी अडचण अशी की वस्तू परत करण्याची मुदत ७ दिवसांची आहे आणि त्यांतले ३ दिवस संपले आहेत. १०० तास म्हणजे न थांबता चार दिवस आणि वर चार तास. म्हणजे हा सल्ला पाळला आणि आवाज खुललाच नाही, तर परत करण्याची वेळ निघून गेलेली असेल.

हा सल्ला मला अगदीच अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच विचारतो आहे. आमच्या गावात वाद्ये तयार होतात. नव्या तानपुऱ्याच्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात आणि रोज मिळवाव्या लागतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. नवी पुडी चढवलेला तबलाही वाजवून वाजवून बसतो आणि तोपर्यंत वादी पुन्हा पुन्हा ओढावी लागते. वडिलांनी नवी स्कूटर घेतली होती तेव्हा पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत ती वेगात पळवायची नाही, असा दंडक होता. वस्तू वापराने रुळते हा अनुभव खोटा नाही. मग इअरफोनच्या बाबतीत तो खरा आहे का, आणि असल्यास किती? जाता जाता हेही सांगतो की भाच्याला दिवाळीत देण्यासाठी मी याच इअरफोनची दुसरी जोडीही घेतली आहे आणि ती अजून सीलबंद आहे.

जुना_वॉकमन यांचा प्रतिसाद

मी गेली तीस वर्षे हेडफोन आणि इअरफोनवर संगीत ऐकतो आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे की नवी जोडी पहिल्या दिवशी जशी वाजते तशी महिन्याभरानंतर वाजत नाही. माझ्याकडच्या बहुतेक जोड्यांचा वरचा भाग सुरुवातीला टोकदार होता आणि साधारण ५० ते ६० तासांनंतर तो मऊ झाला. खर्जही नंतर भरून आला. हे मी एकदा नव्हे, दहा-बारा वेळा अनुभवले आहे, त्यामुळे ही केवळ समजूत आहे असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही.

कारणही समजण्यासारखे आहे. पडदा प्लास्टिकचा असतो, तो साच्यात दाबून घडवलेला असतो आणि त्याच्या कडेला ज्या वळ्या असतात त्या सुरुवातीला ताठ असतात. हजारो वेळा मागेपुढे झाल्यावर त्या सैल होणारच. नव्या चपलेचा पट्टा जसा चावतो आणि मग पायाला जुळवून घेतो, तसेच हे आहे. माझा सल्ला असा की रात्री झोपताना नेहमीच्या आवाजात संगीत लावून इअरफोन टेबलावर ठेवा आणि चार रात्रींनंतर पुन्हा ऐका. पिंक नॉइजच हवा असे नाही, तुम्ही जे ऐकता तेच लावा. परत करण्याची घाई करू नका.

लाकडी_पेटी यांचा प्रतिसाद

मी पुण्यात हौस म्हणून स्पीकर बांधतो आणि गेली आठ-नऊ वर्षे प्रत्येक ड्रायव्हर पेटीत बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर मोजतो. त्यामुळे 'रुळणे' ही गोष्ट मी नाकारणार नाही, कारण वूफरमध्ये, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरमध्ये, ती मला मोजता येते. पण वूफरमध्ये ती कशामुळे घडते हे नीट पाहिले की इअरफोनमध्ये ती तितकी का घडू शकत नाही हेही कळते.

वूफरचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा पडदा, दोन गोष्टींनी तोलून धरलेला असतो. बाहेरच्या कडेला रबराची किंवा फोमची वळी असते, आणि आत, व्हॉइस कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) भोवती, नालीदार कापडाची एक चकती असते जिला सगळे स्पायडर म्हणतात. हे कापड राळेत भिजवून, तापवून कडक केलेले असते. ड्रायव्हर पहिल्यांदा जोरात हलतो तेव्हा या राळेला धाग्यांच्या सांध्यांवर सूक्ष्म तडे जातात, कापड थोडे लवचिक होते आणि ड्रायव्हरची नैसर्गिक कंपनसंख्या खाली येते. मी अलीकडे मोजलेल्या साडेसहा इंची वूफरची कंपनसंख्या खोक्यातून काढल्यावर ४९ हर्ट्झ होती आणि रात्रभर कमी कंपनसंख्येचा स्वर देऊन हलवल्यावर ती ४४ झाली. हा फरक खरा आहे. पण त्यातली गंमत अशी की लवचिकता वाढली की कंपनसंख्या जशी उतरते, तसा ड्रायव्हरचा क्यू हा गुणांकही (कंपन किती रेंगाळते याचे माप) त्याच प्रमाणात उतरतो आणि व्हीएएस म्हणून जे आकारमान मोजतात (ड्रायव्हरच्या आधाराइतकीच लवचिक असणारी हवा) ते वाढते. ही तीन मापे एकमेकांना अशी बांधलेली आहेत की पेटीत बसवल्यावर ऐकू येणारा अंतिम प्रतिसाद फारच थोडा बदलतो. ज्या मापांवर आम्ही पेट्यांचा हिशेब करतो त्यांना नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या अभियंत्यांची नावे आहेत, आणि हे परस्परसंबंध त्यांच्या समीकरणांतच दिसतात.

आता इअरफोनकडे या. त्यात स्पायडर नसतोच. काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची एक पातळ प्लास्टिकची फिल्म हाच पडदा, आणि तिचीच दाबून वळवलेली कड हाच तिचा आधार. राळेने कडक केलेले कापडच नाही, तर सैल व्हायचे काय? जुना_वॉकमन म्हणतात त्याप्रमाणे कडेच्या वळ्या थोड्या सैल होतात असे मानले, तरी त्या किती हलतात हे पाहिले पाहिजे, आणि हा हिशेब कोणालाही कागदावर करता येईल. कानाची नळी टिपने, म्हणजे इअरफोनच्या टोकावरच्या मऊ टोपीने, बंद झाली की पडद्यासमोर साधारण २ घन सेंटीमीटर हवा कोंडली जाते असे धरू. ९४ डेसिबल हा बराच मोठा आवाज झाला, आणि त्याचा दाब म्हणजे १ पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलांहून थोडा जास्त असतो. म्हणजे त्या कोंडलेल्या हवेचे आकारमान एक लाखांशाहूनही कमी प्रमाणात बदलायचे आहे, आणि तेवढ्यासाठी १० मिलिमीटर व्यासाच्या पडद्याला सुमारे ०.२ मायक्रॉन इतकेच सरकावे लागते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. माझा वूफर जोरात वाजताना कित्येक मिलिमीटर, म्हणजे हजारो मायक्रॉन, पुढे-मागे होतो. चपलेचा पट्टा पायाखाली रोज वाकतो म्हणून मऊ पडतो. जो पट्टा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकाही वाकत नाही त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

ज्यांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली त्यांनाही हेच दिसले आहे. अमेरिकेतील हेडफोन-समीक्षक टिल हर्टसेन्स यांनी एकेजी कंपनीचा क्यू७०१ हा हेडफोन नवा असल्यापासून दीर्घकाळ वाजवत ठेवून वेळोवेळी मोजला. बदल आढळले, पण ते अतिशय बारीक होते. शुअर या कंपनीने १९९७ साली बाजारात आणलेल्या ई१ इअरफोनच्या भरपूर वापरलेल्या जोड्या पुन्हा मोजल्या आणि त्या कारखान्यातून निघाल्या तशाच मोजल्या जातात असे सांगितले.

मग तानपुरा_मिरज यांना जो पत्र्यासारखा आवाज ऐकू आला तो कशाचा? मला जवळजवळ खात्री आहे की तो टिपचा दोष आहे. खोक्यात तीन मापांच्या सिलिकॉन टिप असतात आणि इअरफोनवर आधीच मधल्या मापाची जोडी चढवलेली असते, त्यामुळे बहुतेक लोक तीच वापरतात. टिप कानात नीट घट्ट बसली नाही की कडेने हवा निसटते आणि खर्ज त्या फटीतून निघून जातो. लहानशा फटीनेही सर्वांत खालच्या स्वरांत १० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट होते. खर्ज गेला की उरलेला आवाज आपोआप टोकदार वाटतो. शिवाय टिप उथळ बसली तर कानाच्या नळीत उरणाऱ्या हवेची लांबी बदलते आणि त्यामुळे ६ ते १० हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला एक उंचवटा आपली जागा बदलतो. 'स' आणि 'श' यांची धार त्याच शेजारी असते. तुमच्या तिन्ही तक्रारी, म्हणजे बारीक तानपुरा, टोचणारा 'स' आणि नसलेला डग्गा, एकाच सैल टिपने होऊ शकतात. आज रात्री मोठी टिप लावून ऐका. १०० तास लागणार नाहीत, दोन मिनिटे पुरतील.

आणि एक विनंती. मोठ्या आवाजात दिवसेंदिवस नॉइज वाजवत ठेवू नका. त्या बारीक कॉइलला तापण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

कानगोष्टी_नाशिक यांचा प्रतिसाद

मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि नाशिकमध्ये श्रवणयंत्रे बसवण्याचे काम करते. वरच्या चर्चेत इअरफोनबद्दल पुरेसे बोलून झाले आहे, म्हणून मी कानाच्या बाजूने लिहिते. जुना_वॉकमन यांना जो अनुभव दहा-बारा वेळा आला तो मी पूर्णपणे खरा मानते. फक्त तो बदल कोठे घडला, एवढाच प्रश्न आहे.

माझ्याकडे पहिल्यांदा श्रवणयंत्र घेणारे बहुतेक आजोबा-आजी पहिल्या आठवड्यात परत येतात आणि जवळजवळ सारखीच तक्रार करतात. स्वयंपाकघरात भांडी आपटल्यासारखी वाजतात, वर्तमानपत्राचे पान उलटले तरी कर्कश वाटते, स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. चार ते सहा आठवड्यांनी तेच लोक सांगतात की यंत्र आता छान चालते. अनेकदा आम्ही सुरुवातीला वर्धन (यंत्र आवाज किती वाढवते ते प्रमाण) थोडे कमी ठेवतो आणि हळूहळू वाढवतो, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणजे यंत्राचा आवाज प्रत्यक्षात वाढवलेला असतो आणि तरीही तक्रार कमी झालेली असते. मात्र ज्यांच्या यंत्राला मी हातही लावलेला नसतो त्यांच्याही तक्रारी अशाच विरतात. यंत्र तपासणीच्या पेटीत २ घन सेंटीमीटरच्या कपलरवर (कानाच्या नळीच्या जागी वापरायच्या छोट्या पोकळीवर) मोजले तर आलेख पहिल्या दिवसासारखाच येतो. श्रवणयंत्रांत आवाज काढणारे भाग बॅलन्स्ड आर्मेचर नावाच्या प्रकारचे असतात, आणि तेच आता अनेक महागड्या इअरफोनमध्ये बसवतात. ते जर १०० तासांत बदलत असते, तर पहिल्या दिवशी कानाच्या तपासणीवरून केलेली माझी सगळी जुळवणी महिन्याभरात चुकीची ठरली असती. तसे होत नाही. बदलतो तो मेंदू.

मेंदू किती बदलू शकतो हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. नेदरलँड्समधील नायमेखन येथे हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑपस्टाल यांनी काही प्रौढ माणसांच्या बाह्यकर्णांच्या पन्हाळीत साचे बसवले आणि तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. कानाचा आकार बदलल्यामुळे आवाज वरून येतो आहे की खालून, हे त्यांना सांगता येईनासे झाले. साचे दिवसभर घालून वावरल्यावर काही आठवड्यांत ही क्षमता त्यांनी पुन्हा मिळवली. साचे काढल्यावर जुन्या कानांनीही त्यांना लगेच पूर्वीसारखेच ऐकू येऊ लागले. म्हणजे मेंदूने नवी ओळख जुनी न पुसता शिकून घेतली होती. नवा इअरफोनही कानात शिरून प्रत्येक आवाजाचा रंग थोडा बदलतो. रोज दोन-तीन तास तोच रंग ऐकला की मेंदू त्याला आधाररेषा मानू लागतो आणि टोक बोथट वाटू लागते.

आपली आवाजाची तपशीलवार स्मृती मात्र फार अल्पायुषी असते. ध्वनीचा कच्चा ठसा काही सेकंदांतच पुसट होतो. राग ओळखण्याची स्मृती जन्मभर टिकते, पण आठ हजार हर्ट्झला पहिल्या दिवशी किती धार होती हे तीन आठवड्यांनंतर तोलून सांगणे कोणालाच शक्य नाही. आपण तुलना करतो ती आज ऐकलेल्या आवाजाची आणि त्या दिवशी मनात उठलेल्या नापसंतीची.

तानपुरा_मिरज यांच्यासाठी एक सोपी परीक्षा सांगते. दोन्ही इअरफोन कानात बसवा, काहीही वाजवू नका, तोंड मिटून 'म' असा खर्जातला स्वर लावा. टिप नीट बसली असेल तर स्वतःचा आवाज डोक्याच्या आत दोन्हीकडे सारखाच घुमेल. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या कानाला वेगळ्या मापाची टिप लागेल. दोन्ही कानांच्या नळ्या एकाच मापाच्या असतात असे नाही, आणि उजव्याला मोठी व डाव्याला मधली लावण्यात काहीच गैर नाही. टिप बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते आणि टिप खोल बसते. फोमची टिप असेल तर ती बोटांनी दाबून आत घाला आणि फुलेपर्यंत अर्धा-एक मिनिट धरून ठेवा.

शेवटी एक काळजी, जी या चर्चेत मला टाळता येत नाही. आवाज खुलत नाही म्हणून लोक तो वाढवतात, आणि विशेषतः टिप सैल असताना खर्ज मिळवण्यासाठी वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास ही मर्यादा सुचवलेली आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तासच उरतात. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी यात मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत.

जुना_वॉकमन यांचा प्रतिसाद

कानगोष्टी यांचे लिखाण दोनदा वाचले. श्रवणयंत्राचे उदाहरण माझ्या मनात बसले, कारण माझ्या आईच्या बाबतीत अगदी असेच घडले होते आणि तेव्हा मी कधी यंत्र 'खुलले' असे म्हटले नव्हते. आईला सवय झाली असेच म्हटले होते.

तरी एक मुद्दा मी सोडणार नाही. डोक्यावरून घेतले जाणारे, कानभर गादी असलेले मोठे हेडफोन निश्चित बदलतात. माझ्या एका जोडीच्या गाद्या वर्षभरात चपट्या झाल्या आणि आवाज इतका वेगळा झाला की नव्या गाद्या लावताच पहिला दिवस परत आला. याला तुम्ही काय म्हणाल?

लाकडी_पेटी यांचा प्रतिसाद

हा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे आणि तो मोजताही येतो. गादी चपटी झाली की पडदा कानाच्या जवळ येतो, आतली हवा कमी होते, कडेची फट बदलते आणि डोक्यावरची पकडही सैल पडते. या सगळ्यांचा परिणाम पडद्याच्या कोणत्याही रुळण्यापेक्षा मोठा असतो. फक्त हे गादीचे झिजणे आहे, ड्रायव्हरचे खुलणे नव्हे, आणि म्हणूनच नवी गादी लावताच पहिला दिवस परत येतो. किनारपट्टीच्या दमट हवेत जुन्या स्पीकरच्या फोमच्या वळ्या पंधरा-वीस वर्षांत हातात भुगा होऊन येतात, तोही काळाने आणि दमट हवेने झालेला बदल आहे, खुलणे नव्हे.

तानपुरा_मिरज, तुमच्याकडे सीलबंद दुसरी जोडी आहे ही संधी सोडू नका. भाच्याची हरकत नसेल तर तीन आठवड्यांनी ती उघडा आणि न पाहता तुलना करा. १६ फेऱ्या घ्या आणि प्रत्येक फेरीत जुनी कोणती व नवी कोणती हे सांगा. केवळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे ४ असते, म्हणून १२ ही रेघ ठरवा. एक सावधगिरी सांगून ठेवतो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन जोड्यांतही एक-दोन डेसिबलचा फरक असू शकतो. त्यामुळे फरक ओळखता आला तर तो वापराचाच आहे असे सिद्ध होणार नाही. पण ओळखता आला नाही, तर उत्तर बरेच स्पष्ट होईल.

तानपुरा_मिरज यांचा प्रतिसाद, पंचवीस दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितो आहे, कारण प्रयोग पूर्ण करूनच लिहायचे ठरवले होते.

त्याच रात्री मोठी टिप लावली. कानगोष्टी ताईंनी सांगितल्याप्रमाणे 'म' लावला तेव्हा डावीकडे स्वर घुमला आणि उजवीकडे घुमला नाही. कानाची पाळी ओढून पुन्हा बसवली तरी उजवीकडची फट राहिली. खोक्यातली मोठी टिपही उजव्या कानाला थोडी लहानच पडत होती. मग दीडशे रुपयांच्या फोमच्या टिप आणल्या आणि त्या लावताच डग्गा आला. दुसरा शब्द मला सापडत नाही. जे ध्वनिमुद्रण मी पहिल्या दिवशी ऐकून बाजूला ठेवले होते त्यातच, ठेक्यातल्या 'धा'वर, तो भरीव घुमारा स्पष्ट ऐकू आला आणि तानपुरा गायकाच्या मागे जाऊन बसला. 'स'ची धार बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. इअरफोन परत केले नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे रोज सरासरी दोन तास ऐकले, म्हणजे ४० तासांच्या थोडे वर. या काळात उरलेली 'स'ची धारही मला जाणवेनाशी झाली. जुना_वॉकमन ज्याला खुलणे म्हणतात ते मलाही अगदी तसेच जाणवले, आणि या जागेवर मी दुसऱ्या जोडीविना असतो तर पडदा मोकळा झाला असे शपथेवर सांगितले असते.

मग भाच्याची परवानगी घेऊन दुसरी जोडी उघडली. दोन्हींवर एकाच पाकिटातल्या, एकाच मापाच्या नव्या फोमच्या टिप चढवल्या, वायरच्या टोकांना आतल्या बाजूने खुणा केल्या, आणि त्या खुणा फक्त माझ्या पत्नीला दिसतील अशी व्यवस्था केली. फोन तोच, आवाजाची पायरी तीच, आणि विलंबित ख्यालाचा तोच ४० सेकंदांचा तुकडा. कोणती जोडी द्यायची हे ती दर वेळी नाणे उडवून ठरवत असे. ती हातात जोडी ठेवी, मी कानात बसवी, 'म' लावून खात्री करी आणि मग ऐके. एका संध्याकाळी ८ आणि दुसऱ्या संध्याकाळी ८ अशा १६ फेऱ्या झाल्या. ऐकताना मला अनेकदा ठाम वाटत होते की ही नवीच आहे, कारण हिचा वरचा भाग किंचित तीक्ष्ण आहे.

बरोबर उत्तरे ९ आली. ज्या पाच फेऱ्यांच्या वेळी मी 'नक्की' असे म्हटले होते आणि पत्नीने ते शेजारी लिहून ठेवले होते, त्यांतली ३ चुकीची होती. त्या तिन्ही वेळा मी नवी म्हणून ओळखली ती माझी तीन आठवडे वापरलेली जोडी होती. दोनदा पत्नीने मला सांगितले की उजवा इअरफोन थोडा तिरका दिसतो आहे, आणि तो सरळ करताच तीक्ष्णपणा गेला.

एक गोष्ट मला अनपेक्षित होती. सीलबंद खोक्यातून नुकतीच काढलेली जोडी पहिल्याच मिनिटाला मला सुरेल वाटली. तिच्यात पत्रा नव्हता, टोचणारा 'स'ही नव्हता. तिने एक तासही वाजवून घेतलेले नव्हते. पहिल्या शनिवारी माझ्या कानात हीच वस्तू होती आणि मी तिला परत करायला निघालो होतो.

भाच्याला इअरफोन देताना फोमच्या टिपचे पाकीटही सोबत ठेवले आहे, आणि बसवण्याची पद्धत त्याला समोर बसवून दाखवणार आहे.

कानगोष्टी_नाशिक यांचा प्रतिसाद

फार काळजीपूर्वक केलेला प्रयोग आहे. भाच्याला एवढे मात्र सांगा की फोमच्या टिप घामाने आणि मळाने दोन-तीन महिन्यांत कडक होतात आणि मग पुन्हा फट पडते. इअरफोनच्या तोंडावरची जाळीही कानातल्या मळाने बुजते, आणि ती बुजू लागली की आधी वरचे स्वर मंद होतात. महिन्यातून एकदा टिप काढून जाळी खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने साफ करावी. आणि तुमच्या उजव्या कानाची नळी खोक्यातल्या सर्वांत मोठ्या टिपलाही सैल पडत असेल, तर पुढच्या वेळी कानाची तपासणी कराल तेव्हा दोन्ही कानांचे माप घ्यायला सांगा.